शपथा रंगवणारा चित्रकार

1830च्या क्रांतीतून बेल्जियम जन्माला आला आणि या नव्या राष्ट्राला आपला इतिहास मोठ्या आकारात पाहण्याची ओढ लागली. गुस्ताफ वाप्पर्सने क्रांतीचे दिवस प्रचंड कॅनव्हासवर उभे केले. गुफेन्स आणि स्वेर्ट्स या जोडीने जर्मन पद्धतीची भित्तिचित्रे देशात आणली. त्यांची रेषा शुद्ध असली, तरी माणसे मला फार सोवळी वाटतात.

अँटवर्पचा हेन्री लेइस (1815–1869) या सगळ्यांहून वेगळा निघाला. मेहुणा फर्डिनांड द ब्राकेलेअर हा त्याचा पहिला गुरू. सुरुवातीला लेइसही नाट्यमय प्रसंगांतच रमला होता. 1852च्या जर्मनीच्या प्रवासानंतर ड्यूरर, क्रानाख, होल्बाइन यांची कणखर रेषा त्याच्या हातात आली. 1855च्या पॅरिस प्रदर्शनात सर्वोच्च पदक मिळाले आणि युरोपभर नाव झाले. अँटवर्पच्या नगरभवनातल्या दालनात भित्तिचित्रे रंगवण्याचे काम 1860च्या दशकात त्याने हाती घेतले, ते अगदी शेवटच्या वर्षांपर्यंत चालले.

त्याने तिथे निवडलेले विषय पाहा. तरुण चार्ल्स, पुढचा सम्राट, शहरात प्रवेश करताना नागरिकांचे हक्क पाळण्याची शपथ घेतो. जिनोव्हाच्या पालाविचिनीला 1541 साली शहराचे नागरिकत्व मिळते. नगराध्यक्ष व्हान उर्सेल नागरी सेनेकडे शहराचे रक्षण सोपवतो. नेदरलँड्सची राज्यपाल पार्माची मार्गारेट 1567 साली शहराच्या किल्ल्या नगरशासकांच्या हाती देते. चारही चित्रांत एकही घनघोर लढाई नाही. ज्या इमारतीत शहराचे निर्णय होतात, तिथे कायदा आणि हक्क हाच चित्रविषय करणे, ही लेइसची सर्वांत मोठी कल्पना आहे. राजा आणि मागच्या रांगेतला कारागीर यांचे चेहरे तो सारख्याच काळजीने रंगवतो.

उणेही आहे. सरकारी कामाचा भार इथे जाणवतो. माणसे एकमेकांकडे क्वचितच पाहतात आणि समारंभ जरा गोठतो. त्याने स्वतःच्या घराच्या जेवणघरात रंगवलेली चित्रे अधिक मोकळी आहेत. थंडीत मेजवानीला निघालेले पाहुणे, स्केटिंग, मांडलेले टेबल. 1885च्या सुमारास व्हान गॉगने ती पाहिली आणि पत्रात त्यांच्याविषयी लिहिले. पुढे ती चित्रेही नगरभवनात हलवली गेली.

नगरभवनाच्या कामात लेइसचा साहाय्यक होता तरुण आल्मा-तडेमा. ऐतिहासिक तपशिलाची चिकाटी त्याने इथेच उचलली आणि लंडनमध्ये त्यावर कीर्ती मिळवली. गुरूचे नाव मात्र मागे पडले.

भित्तिचित्रांची ही कला किती नाजूक आहे, हे काळाने दाखवले. गुफेन्स-स्वेर्ट्स यांची अँटवर्पच्या शेअर बाजारातली चित्रे 1858च्या आगीत गेली. ईपरच्या कापड-बाजाराच्या भव्य इमारतीतली भित्तिचित्रे पहिल्या महायुद्धात नष्ट झाली. त्या पिढीच्या कामातले लेइसचे दालन टिकून आहे. अँटवर्पला जाणारे बहुतेक लोक रुबेन्स पाहून परततात. त्यांनी नगरभवनासाठीही वेळ काढावा, आणि मागच्या रांगेतल्या चेहऱ्यांपासून पाहायला सुरुवात करावी.