महागडी केबल आणि भिंतीतली तिसरी तार



मी बोलायला उभा राहण्याआधीपासून या सभागृहात एक आवाज चालू आहे. जरा शांत बसा आणि ऐका... घूंऽऽ. दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून येतोय. तासाभरापासून तो आपल्या कानावर पडतोय, आणि आपण कोणीच तो ऐकत नाही. आजचा विषय इथूनच सुरू होतो.

घरच्या हाय-फाय संचाला वीज पुरवणारी केबल आणि भिंतीतला सॉकेट बदलला तर गाणं बदलतं का? यावर भरपूर परीक्षणं लिहिली जातात. आज मला त्या परीक्षणांचं परीक्षण करायचं आहे. त्यांची भाषा ठरलेली असते. केबल बदलली आणि गाण्यावरचा पडदा सरला, पार्श्वभूमी काळीभोर झाली, तबला जिवंत झाला. वाचायला छान वाटतं. पण अशा परीक्षणात एक गोष्ट सहसा नसते, ती म्हणजे परीक्षकाचं घर. वायरिंग किती जुनं, संध्याकाळी व्होल्टेज किती, अर्थिंग आहे की नाही, यावर एक ओळही नाही. हे म्हणजे विहिरीचं पाणी न बघता पेल्याची तारीफ करण्यासारखं झालं.

आता बघा, वीज येते कशी? चंद्रपूरच्या केंद्रातून निघाली असं समजू. उच्च दाबाच्या तारा, उपकेंद्र, ११ केव्हीची लाइन, मग आपल्या वॉर्डातली डीपी, खांबावरून मीटर, मीटरपासून भिंतीतली तार, आणि सगळ्यात शेवटी बोर्डापासून अँम्प्लिफायरपर्यंतची दीड मीटर केबल. सगळं श्रेय या शेवटच्या दीड मीटरला. शिवाय ही वीज गाणं घेऊन येत नाही. अँम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवतो, रेक्टिफायर तिला एका दिशेची करतो, कपॅसिटर ती साठवून सपाट करतात. गाण्याला लागते ती ही आत तयार झालेली वीज.

थोडा हिशेब करू. दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार दर मीटरला साधारण १२ मिलिओहम रोध देते. जाण्याची आणि येण्याची मिळून तीन मीटर, म्हणजे ३६ मिलिओहम. अँम्प्लिफायरने एक अँपिअर ओढला तर केबलमध्ये ०.०३६ व्होल्ट पडतो. तिप्पट जाड केबल आणली तर वाचतो व्होल्टचा दोन-अडीच शतांश. आणि आपल्याकडे पुरवठा २३० च्या सहा टक्के खाली-वर झाला, म्हणजे २१६ ते २४४, तरी तो नियमातच बसतो. शेतातले पंप सुरू झाल्यावर बल्ब कसा मंद होतो, हे इथे कोणाला सांगायला नको.

"पण मला फरक ऐकू येतो हो," असं कोणी म्हटलं तर मी त्याला खोटारडा म्हणणार नाही. ऐकू येतोच. किंमत माहीत असली की कान जागे होतात. प्रश्न एवढाच, की डोळ्यांना माहीत नसताना येतो का? २००४ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ऑडिओप्रेमींनी ही चाचणी घेतली होती. साधी केबल आणि महागडी केबल, कोणती जोडली आहे ते न सांगता. १४९ उत्तरांपैकी ७३ बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढीच आली असती. या एका चाचणीने जगाचा निकाल लागत नाही, मान्य. पण परीक्षण लिहिणाऱ्याने निदान एवढा खटाटोप तरी करावा.

मग विजेचा गाण्याशी संबंधच नाही का? आहे, आणि खूप आहे. फक्त तो त्या दीड मीटरमध्ये नाही.

सॉकेट घ्या. आतली पट्टी ढिली झाली की पिन हलते, ठिणगी उडते, स्पीकरमध्ये चरचर होते. कित्येक घरांत तर पिन नसतेच, नुसती तार भोकात घालून आगपेटीच्या काड्या खोचलेल्या असतात. (हशा) हसू नका, घरी जाऊन बघा. इथे सॉकेट बदलला तर आवाज खरंच सुधारतो. पण त्यासाठी सोन्याचा मुलामा नको, कोपऱ्यावरच्या दुकानातला आयएसआय छापाचा घट्ट सॉकेट पुरतो.

न्यूट्रल घ्या. डीपीकडचा न्यूट्रल तुटला की घरात तीनशे-साडेतीनशे व्होल्टसुद्धा येऊ शकतात. मग केबल कितीही भारी असो, संच जळतो.

आणि मग ही घरघर. आपली वीज ५० हर्ट्झची. रेक्टिफायरनंतर जी लहर उरते ती १०० ची. काळी एकच्या तंबोऱ्याची पहिली तार, म्हणजे मंद्र पंचम, साधारण १०४ हर्ट्झवर लागते. १०४ शेजारी १०० सतत वाजत राहिला तर सेकंदाला चार हेलकावे येतात. म्हणजे गायकाने तंबोरा जीव लावून मिळवला, आणि आपण घरी त्याच्या शेजारी एक उतरलेला पंचम बसवला. परीक्षणातला पडदा शोधायचा तर तो हा आहे.

ही घरघर येते कुठून? कधी म्हाताऱ्या कपॅसिटरमधून. पुष्कळदा अर्थिंगमधून. अँम्प्लिफायर एका बोर्डावर, सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या बोर्डावर, डिशची केबल तिसरीकडून, असं अर्थिंगचं वेटोळं तयार होतं. किंवा अर्थिंग मुळातच नसतं. बोर्ड उघडल्यावर वायरमन सांगतो, "भाऊ, तिसरं भोक हाये, पण मागं तार नाही." अशा घरात अँम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. अर्थिंगचा खड्डा केलेला असला तरी आपली जमीन काळी. एप्रिल-मेमध्ये ती वाळून भेगाळते, आणि इलेक्ट्रोडचा मातीशी संबंध कमी होतो.

आता मी ज्यासाठी आलो ते सांगतो. घरघर घालवायचा एक उपाय आपल्याकडे सर्रास सांगितला जातो: प्लगची जाड पिन कापून टाका. घरघर जाते, हे खरं आहे. आणि एखाद्या दिवशी आतली तार पत्र्याला टेकली की तो पत्रा, त्याला जोडलेला माईक, सगळं जिवंत होतं. भजनाला बसलेला माणूस तो माईक ओठाजवळ धरतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लेकरं जातात. कूलरला अर्थिंग द्या, असं महावितरण पुन्हा पुन्हा सांगतं. कूलरची आणि अँम्प्लिफायरची तिसरी तार एकच आहे हो!

म्हणून माझी तक्रार फक्त पैशांची नाही. केबलवर पानंच्या पानं लिहिणारा परीक्षक भिंतीतल्या त्या तारेबद्दल गप्प राहतो, तेव्हा तो वाचकाचं लक्ष चुकीच्या जागी नेतो.

करायचं काय? आधी डिशची केबल काढून बघा, घरघर थांबली तर वेटोळं सापडलं. सगळा संच एकाच चांगल्या बोर्डावर घ्या. वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी टाका, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. ज्या यंत्राला कंपनीनेच दोन पिना दिल्या आहेत त्याची गोष्ट वेगळी, पण तीन पिनांचं यंत्र तीन पिनांवरच चालवा. एवढं करून पैसे उरले तर खुशाल केबल घ्या, मी अडवणार नाही. फक्त ऐकताना कोणाला तरी अदलाबदल करायला सांगा, आणि डोळे मिटा.

आणि कार्यक्रम संपल्यावर, आयोजकांची परवानगी असेल तर, या सभागृहाचा बोर्ड वायरमनला बोलावून एकदा बघून घेऊ. पुढच्या वक्त्याच्या हातात हाच माईक असणार आहे.