अंथरलेले वर्तमानपत्र

जॉर्ज मेलिएस यांचा १८९६ चा, खुर्चीवरची स्त्री अदृश्य करणारा चित्रपट जेमतेम सव्वा मिनिटाचा आहे. कॅमेरा मध्येच थांबवण्याच्या युक्तीसाठी त्याचा उल्लेख होतो. मला त्यातले वर्तमानपत्र महत्त्वाचे वाटते. खुर्ची मांडण्यापूर्वी मेलिएस ते जमिनीवर अंथरतात.

मूळ प्रयोग ब्यूआतिए द कोल्ता यांनी १८८६ मध्ये रंगमंचावर आणला. तिथे स्त्री चोरदारातून खाली उतरे. खाली दार नाही असे भासवायला कागद लागे, आणि त्या कागदातच छुपी फट असे. चित्रपटात चोरदाराची गरजच नव्हती. तरी कागद राहिला. का?

मेलिएस १८८८ पासून पॅरिसमध्ये जादूचे नाट्यगृह चालवत होते. प्रेक्षकाची शंका आधी जागवावी, ती फिटल्याचे भासवावे, मग चकवावे, हे त्यांना ठाऊक होते. माझ्या मते हातचलाखी दुय्यम. शंकेची मांडणी हीच जादूगाराची खरी कला. ती कॅमेऱ्याला आपोआप साधत नाही. म्हणून सिनेमाने रंगमंचीय जादू निकालात काढली, हे मत मला पटत नाही. आपले दादासाहेब फाळकेही ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करत. त्यांचे चमत्कारपटही याच नजरेने पाहायला हवेत.