भिंग जुने, नजर कुणाची?

गेल्या धनत्रयोदशीच्या पहाटे भाच्याबरोबर दादरच्या फूलबाजारात गेलो होतो. झेंडूच्या राशी, टोपल्या घेऊन धावणारे हमाल, पाच-दहा रुपयांसाठी चाललेली घासाघीस. भाच्याच्या नव्याकोऱ्या मिररलेस कॅमेऱ्यावर एक जुनी, जड रशियन लेन्स बसवलेली. घरी आल्यावर म्हणाला, "मामा, हिचं कॅरेक्टर बघा!" पाहिले. फूलवालीच्या मागचा सारा बाजार भोवऱ्यासारखा गरगरत होता. चित्र देखणे होते. पण ते दादर होते की दापोली, दिवाळी होती की शिमगा, काही कळेना.

जुन्या भिंगांची हौस सध्या पुष्कळांना लागली आहे, आणि तिला कारणही साधे आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात भिंग व फिल्म यांच्यामध्ये आरशाला जागा लागे. म्हणून एम-४२ आट्यांची भिंगे ४५.४६ मि.मी. अंतरासाठी घडवली गेली. सोनीच्या ई-माउंट कॅमेऱ्यात आरसाच नाही, तिथे हे अंतर १८ मि.मी. आहे. मधल्या साडेसत्तावीस मि.मी.साठी एक पोकळ कडे लावले, की आजोबांच्या काळचे भिंग नातवाच्या कॅमेऱ्यावर नांदू लागते.

भाच्याची ती लेन्स म्हणजे हेलिओस ४४-२. जेनाच्या कार्ल झाइस कारखान्यातील बायोटार भिंगाच्या घाटावर रशियात बनलेली. छिद्र पूर्ण उघडले की कडेचे प्रकाशबिंदू नळीत कापले जाऊन बदामासारखे होतात आणि मधल्या माणसाभोवती फेर धरतात. ज्याला 'कॅरेक्टर' म्हणून नावाजतात ते हे. एखाद्या निवांत व्यक्तिचित्राला ते शोभेलही. रस्त्यावरच्या चित्राला मात्र ते मारक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा फुटांवरच्या माणसावर हे भिंग एफ-२ ला रोखले, तर जेमतेम फूटभर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. बाकीचा रस्ता पुसला जातो. आणि रस्ता पुसला की त्या माणसाचे पोट ज्यावर चालते तेच पुसले जाते. उरतो तो एक सुंदर चेहरा, आपल्या भिंतीवर टांगण्यापुरता.

आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागचे १९३२ सालचे चित्र आठवावे. एक माणूस साचलेल्या पाण्यावरून झेप घेतो आहे. मागच्या भिंतीवरील भित्तिपत्रकातही तशीच झेप घेणारी एक आकृती आहे! मागची भिंत गरगरती असती, तर त्या चित्राचा अर्धा जीव गेला असता.

मग जुनी भिंगे निकामी समजावीत काय? मुळीच नाही. त्यांचा मोठा गुण आहे तो कड्यावर कोरलेल्या आकड्यांत. ३५ मि.मी.चे साधे भिंग घ्यावे, छिद्र एफ-८ वर आणि अंतर १० फुटांवर ठेवावे. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर साधारण साडेसहा फुटांपासून बावीस-तेवीस फुटांपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते. कडे पुन्हा फिरवायला नको. पहाटेच्या अंधुक उजेडात एवढ्या लहान छिद्राने फिल्म अडखळली असती. नवा सेन्सर ते ओझे बऱ्यापैकी पेलतो. जुन्या-नव्याची ही सोयरीक इथे खरी जुळते.

कुणी म्हणेल, आजचा कॅमेरा क्षणात डोळा हुडकून फोकस करतो, मग हा खटाटोप कशाला? वेगासाठी नाहीच. अंतर आधी ठरले, की चालणे आपल्याला भाग पडते. लांबून टिपून पळता येत नाही. दहा फुटांवर आपण फूलवालीला पाहतो तसे तीही आपल्याला पाहते. नको असेल तर हात आडवा करते. सभ्यतेचा हा धडा ते निर्जीव कडे शिकवते, हे मला त्याच्या काचेपेक्षा मोलाचे वाटते.

गुढीपाडव्याला भाचा पुन्हा गेला, तसेच जुने ३५ मि.मी. भिंग घेऊन. एका चित्रात तीच फूलवाली तोंडात दोरा धरून हसते आहे. मागे पोत्यांवर एक पोरगा गाढ झोपलेला, त्याच्यामागे पुलाचा जिना आणि माणसांची रीघ. एक हात हललेला, कोपरा काळवंडलेला. पहिल्याइतके देखणे नाही. पण ते मी त्याच्याकडून मागून घेतले.