छान आहे, पण...

परीक्षक होण्यासाठी कुठलीही परीक्षा द्यावी लागत नाही, हे एक बरे आहे. गाणे न येणारा माणूस गाण्याच्या स्पर्धेला आणि स्वयंपाकघर न पाहिलेला माणूस पाककलेच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. माझी पात्रता त्यामानाने भक्कम. माझ्या कपाटात आगफा क्लिक थ्री आहे. एका रोलमध्ये बारा फोटो निघत, आणि त्या बारांत घरातली सगळी माणसे, एक बारसे आणि एक अजिंठ्याची सहल बसवावी लागे. बटण दाबण्यापूर्वी माणूस विचार करी, कारण प्रत्येक बटणाला पैसे पडत. एवढ्या भांडवलावर बोदवडच्या मंडळींनी मला हौशी छायाचित्र स्पर्धेचा परीक्षक नेमले. दिवस अर्थातच १९ ऑगस्टचा. १८३९ साली त्या तारखेला पॅरिसमध्ये दागेरची कृती जगासमोर आली, आणि तेव्हापासून जगातला कोणताही माणूस सुखाने डोळे मिटून बसू शकलेला नाही.

"आप्पा, तुम्ही फक्त नंबर काढा. पहिला, दुसरा, तिसरा. बाकी आम्ही पाहून घेऊ," संयोजक म्हणाले.

मी म्हटले, "नंबर काढतो, पण प्रत्येकाला चार ओळी लिहून देईन."

"चार ओळी कशाला? 'छान आहे' लिहून टाका ना."

आपल्याकडे टीकेचे दोनच प्रकार. एक 'छान आहे' आणि दुसरा 'हे काय काढलंय?' पहिल्याने माणूस जिथे आहे तिथेच राहतो, दुसऱ्याने घरी जातो. वांग्याच्या भरिताबद्दल मात्र हाच समाज केवढा काटेकोर! वांगे नीट भाजले नाही, मिरची जास्त कुटली, शेंगदाणे कच्चे राहिले, तेल हात आखडून घातले असे नेमके सांगेल. पुढच्या खेपेला भरीत सुधारते, कारण काय बिघडले ते करणाऱ्याला कळलेले असते. फोटो समोर आला की तीच माणसे एकदम संत होतात.

वाचनालयाच्या लांब टेबलावर फोटो मांडले होते. आता फिल्म नाही, धुणे नाही, अंधारी खोली नाही, सगळी खिशातल्या फोनची करामत. पहिल्या ओळीत सूर्यास्त होते. तळहातावर ठेवलेला सूर्य, चिमटीत धरलेला सूर्य, आणि एका उत्साही गृहस्थांनी तर तो चमच्यात घेतला होता. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडचा सूर्य ज्याने अंगावर घेतला आहे तो त्याच्याशी अशी सलगी करणार नाही. प्रत्येक सूर्यास्ताखाली मी एकच प्रश्न लिहिला : सूर्य काढून टाकला तर चित्रात काय उरते? एका चित्रात कापसाच्या गाड्यांची रांग उरत होती. त्याला मी लिहिले, पुढच्या वेळी सूर्याकडे पाठ करून उभे राहा, गाड्यांवर उजेड पडेल.

दुसऱ्या ओळीत म्हातारे. सुरकुत्या, पागोटे, काठी. खाली शीर्षक : 'जीवन एक संघर्ष'. तीन वेगळ्या स्पर्धकांनी एकाच आजोबांचा फोटो दिला होता; एस. टी. स्टँडवर ते रोज बसतात म्हणे. मी विचारले, "यांचे नाव काय?" तिघांनाही माहीत नव्हते. सुरकुत्या हौसेने मोजाव्यात आणि नाव विचारू नये, हा मला फोटोग्राफीतला दोष वाटतो, शिष्टाचारातला नव्हे. ज्याच्याशी बोललो आहोत त्याचा फोटो वेगळा येतो. त्याच्या डोळ्यांत 'हा कोण टपकला?' हा प्रश्न उरत नाही. तिन्ही चित्रांत तो प्रश्न स्पष्ट होता आणि, खरे सांगायचे तर, त्या चित्रांतली तेवढीच एक गोष्ट अस्सल होती.

समितीत एक सर होते. त्यांना तृतीयांशाचा नियम पाठ होता. चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करायचे आणि मुख्य वस्तू त्या रेघांवर ठेवायची. पट्टी घेऊन ते प्रत्येक फोटो मोजू लागले. नियम वाईट नाही. पण तो जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांच्या संदर्भात लिहिला, म्हणजे दागेरची कृती जगासमोर येण्याआधी बेचाळीस वर्षे. नवशिक्याला सगळे मधोमध ठेवायची सवय असते, ती मोडायला त्याचा उपयोग. फोटो नापास करायला नाही.

खरा पेच पडला तो चंद्रामुळे. शिरसाळ्याच्या मारुतीचे देऊळ, वर परातीएवढी चंद्रकोर, आणि कोरीच्या दोन टोकांच्या मधोमध एक चांदणी. देणारे गृहस्थ गावातले वजनदार, आणि बक्षिसांची ढालही त्यांच्याच खर्चाची. समितीने पहिला नंबर मनात ठरवून ठेवला होता.

आता कोर असली तरी चंद्र पुरा गोलच असतो. उरलेला भाग अंधारात असतो इतकेच. त्या भागातून चांदणी दिसायची तर ती चंद्राच्या अलीकडे यायला हवी. शिवाय चंद्र देवळाच्या डावीकडे आणि भिंतीवरचा उजेड उजवीकडून. मी हे सांगितल्यावर सर म्हणाले, "पण आप्पा, कलेत एवढं चालतं." चालते ना! हेन्री पीच रॉबिन्सन या इंग्रजाने १८५८ साली पाच निगेटिव्ह जोडून मृत्युशय्येवरच्या मुलीचे चित्र केले आणि ते गाजले. पण त्याने पाचही तुकड्यांत उजेड जुळवला होता. जोडकामाला माझी ना नाही, फक्त शिवण दिसू नये. आणि स्पर्धेच्या नियमांत 'फोटोत फेरफार नको' असे छापले असेल, तर शिवण न दिसूनही भागत नाही. ते छापलेले होते. मी पहिल्या नंबरावर सही करणार नाही म्हणालो. थोडा वेळ पंख्याचा आवाज ऐकू आला.

"मग त्यांना लिहाल काय?" संयोजकांनी घाबरून विचारले.

मी लिहिले : 'देवळाची जागा आणि वेळ उत्तम निवडली आहे. चंद्राशिवायचा मूळ फोटो पाहायला आवडेल.' त्यात खोटे काही नव्हते. मूळ फोटो मला खरोखरच पाहायचा होता.

चाळीसगाव आपल्याच जिल्ह्यात. तिथे केकी मूस राहत. मुंबईत १९१२ साली जन्मले, विलायतेत शिकले, आणि चाळीसगावच्या घरात येऊन बसले ते वर्षानुवर्षे बाहेर पडलेच नाहीत. १९८९ मध्ये तिथेच गेले. घरातल्या टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यांवर उजेड हवा तसा पाडून त्यांनी जे फोटो काढले त्यांना देशोदेशींची शेकडो बक्षिसे मिळाली. तेही मांडामांडच करीत, पण टेबलावरचा प्रत्येक कवडसा त्यांनी तासन् तास पाहिलेला असे. एक तरुण स्पर्धक मला म्हणाला, "आमच्या गावात काढण्यासारखं काय आहे? काश्मीरला गेलो असतो तर..." मी त्याला चाळीसगावचे तिकीट काढायला सांगितले. मूस यांचे घर आता संग्रहालय म्हणून जपले आहे. काश्मीरपेक्षा भाडे कमी.

समितीने आधीच बाजूला टाकलेल्या गठ्ठ्यात मला एक फोटो सापडला. चुलीपुढे बसलेली बाई भाकरी थापते आहे. चेहरा जाळाच्या उजेडात स्वच्छ, आणि दोन्ही हात धुरासारखे हललेले. सरांनी मागे शेरा मारला होता : 'हलला आहे'. भोवती तांबड्या गुलाबांची महिरप आणि वर सोनेरी अक्षरांत मातृदिनाच्या शुभेच्छा. फोटो तिरका, कोपऱ्यात चार्जरचा हिरवा दिवा डोळ्यांत खुपणारा. दोष मोजायचे तर सहज अर्धा डझन होते.

पण ते हलणे दोष नव्हते. उजेड कमी असला की फोन जास्त वेळ उजेड गोळा करतो. तेवढ्या वेळात जे स्थिर ते नीट येते, हलते ते पुसट होते. त्या बाईचा चेहरा स्थिर होता आणि हात थांबत नव्हते. तिची सगळी पहाट त्यात आली होती. टेबलावरच्या इतर कुठल्याही फोटोत वेळ दिसत नव्हती.

काढणारा अकरावीतला मुलगा. त्याला बोलावून घेतले. 'खाली बसून काढ, आईच्या डोळ्यांच्या उंचीवरून' असे लिहायला मी पेन उघडले होते, पण माझा एक शिरस्ता आहे. शेरा लिहिण्याआधी, फोटो काढणारा कुठे उभा होता ते विचारायचे.

"दारात, आप्पा. आत पाय ठेवायला जागा नव्हती. बहीण झोपेल होती ना तिथी."

"उंबऱ्यावर बसता आलं असतं?"

त्याने विचार केला. "आलं असतं. पण मंग दिवा दिसला असता जास्त."

"चार्जर काढून ठेवला तर?"

तो हसला. "मंग फोन चार्ज कसा होईन?"

एवढ्या संभाषणात त्याला जे समजले ते माझ्या चार ओळींत मावले नसते. तरी लिहिले : उंबऱ्यावर बस, दिव्यावर फडके टाक, फोन दाराच्या चौकटीला टेकव म्हणजे तिरका येणार नाही. हात हलू दे. गुलाब काढ.

त्या फोटोला पहिला नंबर द्यावा असे मला वाटत होते. समितीने दुसरा दिला. पहिला गेला पावसात भिजणाऱ्या रेल्वे फलाटाच्या फोटोला, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, चांगला होता. चंद्राला 'लोकप्रिय छायाचित्र' असे एक नवे बक्षीस निघाले. ढाल देणाऱ्याच्या घरी एक ढाल परत गेली.

महिन्याभराने तो मुलगा बाजारात भेटला. उंबऱ्यावर बसून काढलेले नवे आठ-दहा फोटो फोनवर दाखवले. दोन फार चांगले होते. मी विचारले, "आईला कुठला आवडला?"

"तिला गुलाबवालाच आवडला, आप्पा. फ्रेम करून लावेल आहे घरात."