फॉरमॅट मारण्याआधी

...आता विंडोज एक्सपीचं बघू. २००१ साली आलेली ही प्रणाली. ८ एप्रिल २०१४ ला कंपनीने तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. आपल्या अंबाजोगाईत मशीन मंद झालं की सल्ला ठरलेला: ‘प्रीफेच’ फोल्डर रिकामं करा. अहो, प्रोग्राम उघडताना कोणत्या फायली लागतात याची नोंद तिथे असते, ती वेग वाढवण्यासाठीच! ती पुसली की पुढच्या वेळी प्रोग्राम उलट सावकाश उघडतो.

नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक इथे कामी येतो. ‘एमएसकॉन्फिग’मध्ये जाऊन आपोआप सुरू होणारे प्रोग्राम एकेक बंद करा, फरक पाहा. डिस्कचा दिवा सतत लुकलुकत असेल, तर बहुधा रॅम अपुरी आहे. २५६ एमबीत अँटिव्हायरस गुदमरणारच.

माझा खरा आक्षेप आहे तो ऊठसूट फॉरमॅट मारण्याला. त्यात श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट जातात. मग पेनड्राइव्हवर जपलेला प्रबंध उघडला, की मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं! वर्षांची मेहनत, फाइल शाबूत, पण वाचता येत नाही. म्हणून फॉन्ट आधी वेगळे काढून ठेवा, जमेल तसा मजकूर युनिकोडमध्ये आणा. आणि हो, अशा मशीनला इंटरनेट मात्र जोडू नका.