‘उपयुक्त भाग : साल’ – एका शालेय तक्त्याबद्दल तक्रार

नगर जिल्ह्यातल्या (2024 मध्ये त्याचे नाव अहिल्यानगर झाले) कोणत्याही तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात गेलो, की एक तक्ता आम्हाला हमखास भेटतो. शीर्षक ‘उपयुक्त वनस्पती’. रकाने तीन : वनस्पती, उपयुक्त भाग, उपयोग. बाभूळ – साल – कातडे कमावणे. हिरडा – फळ – औषध. ऊस – खोड – साखर. अक्षर सुरेख असते, शेजारी वाळलेले पान चिकटवलेले असते. मुलांची मेहनत दिसते, तेव्हा तक्रार मुलांबद्दल नाही. तक्रार तक्त्याबद्दल आहे. त्यातली एकही ओळ चुकीची नसते आणि तरी झाडाबद्दल फारसे काही कळत नाही.

ही मांडणी आली कुठून? जॉर्ज वॉट यांचा भारतातील आर्थिक महत्त्वाच्या उत्पादनांचा इंग्रजी कोश 1889 ते 1893 या काळात सहा खंडांत निघाला. त्याचे मूळ 1883-84 च्या कलकत्ता आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी केलेल्या याद्यांमध्ये आहे. डिंक, रंग व टॅनिन, धागा, तेल, औषध, अन्न-चारा, लाकूड अशा शीर्षकांखाली त्यात एकेका वनस्पतीची माहिती येते. मालाची पारख करणाऱ्याला हेच हवे असते. वॉट यांचा ग्रंथ टाकाऊ मुळीच नाही. त्यातल्या नोंदी लांबलचक आणि बारकाईच्या आहेत. शाळेच्या भिंतीपर्यंत पोचताना मजकूर गळून गेला आणि शीर्षके तेवढी उरली.

सालीचेच पाहा. साल म्हणजे झाडाचे नुसते वेष्टन नव्हे. तिच्या आतल्या थरात रसवाहिन्या असतात, पानांत तयार झालेली साखर त्यांतून मुळांकडे जाते. खोडाभोवतीची साल पूर्ण वर्तुळात काढली, तर मुळांची उपासमार होते आणि झाड हळूहळू मरते. साल, पान आणि फळ हे तिन्ही ‘उपयुक्त भाग’ एकाच रकान्यात शेजारी शेजारी बसतात. झाडाच्या दृष्टीने मात्र त्यांची किंमत सारखी नाही. बाभूळ लाकडासाठी पाडल्यावर तिची साल घेणे वेगळे आणि उभ्या झाडाची साल खरवडणे वेगळे. नगरच्या माळावर पिवळ्या फुलांचा तरवड सगळ्यांच्या ओळखीचा. त्याचीही साल कातड्यासाठी वापरत. त्यासाठी फांद्या तोडून सोलत. बुंधा शाबूत राहिला की झुडूप पुन्हा फुटते. ‘साल – कातडे कमावणे’ एवढे लिहिले की हा सगळा फरक पुसला जातो.

सालीत टॅनिन असते कशासाठी, हेही तक्ता विचारत नाही. टॅनिन प्रथिनांना घट्ट बांधते. कीड आणि बुरशी यांच्यापासून झाडाचा बचाव त्यामुळे होतो. कातड्यातल्या प्रथिनांनाही ते तसेच बांधते, म्हणून कातडे कुजत नाही. झाडाने स्वतःसाठी केलेली तजवीज ढोर समाजातल्या कारागिरांनी हेरली आणि पिढ्यान् पिढ्या तिच्यावर कातडे कमावले. 1884 मध्ये क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याच्या पद्धतीचे पेटंट ऑगस्टस शुल्त्झ यांनी घेतले. आठवड्यांचे काम पुढे एक-दोन दिवसांवर आले आणि सालीचा धंदा मागे पडला. कोल्हापुरी चपलेच्या कातड्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा अजून लागतो. आपल्या तक्त्यात मात्र ‘पारंपरिक’ आणि ‘व्यापारी’ उपयोग असे लिहिलेले असतात, जणू ते कायमचे ठरलेले आहेत! बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे बाभळीचे असत, ते रबरी टायरच्या गाड्या आल्यावर गेले. लाकूड तेच राहिले, उपयोग गेला.

बाभळीपुढे ‘डिंक’ही लिहितात. तो खराच, लाडवात घालतात. पण जगाच्या बाजारात ‘गम अरेबिक’ म्हणून जो डिंक विकला जातो, तो प्रामुख्याने सुदानकडच्या वेगळ्या जातीच्या झाडाचा. आणि माळावर पसरलेली वेडी बाभूळ ही तर बाभूळच नव्हे. शास्त्रीय नाव लिहिण्याचा आग्रह शिक्षकांनी धरावा तो अशा ठिकाणी.

उसाची ओळ तर आम्हाला सर्वांत अपुरी वाटते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखाना सुरू झाला, हे जिल्ह्यातल्या मुलांना पाठ असते. पण चिपाडावर बॉयलर पेटतो, मळीपासून अल्कोहोल होते, प्रेसमड खत म्हणून शेतात जाते, हे तक्त्यात नसते. वाढे तर कुणीच लिहीत नाही. पाथर्डीकडून तोडणीला गेलेल्या जोडप्याच्या बैलांचा चारा म्हणजे वाढे. उरलेले विकून त्यांच्या हाती चार पैसे येतात. ज्या वर्गात तोडणीला जाणाऱ्या घरची मुले बसतात, तिथेही ‘खोड – साखर’ एवढेच शिकवायचे का?

हिरडा शेवटी ठेवला, कारण त्यात खरी अडचण आहे. अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगड-रतनगडाच्या परिसरात महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना हिरड्यातून रोकड मिळते. बाजार एका झाडाच्या फळांची तीन नावे करतो : बाळहिरडा, चांभारी हिरडा, सुरवारी हिरडा. फरक वयाचा. बी धरण्याआधीचे कोवळे फळ वाळवले की बाळहिरडा, जरा मोठे झालेले चांभारी – नावातच त्याचे गिऱ्हाईक आहे – आणि पूर्ण पिकलेले सुरवारी. कोवळेपणी सगळीच फळे उतरवली, तर त्या वर्षी त्या झाडाखाली रोप येण्याची आशा नाही. फळ तोडल्याने झाड मरत नाही, हे आम्हीच वर सुचवले. पण रान म्हातारे होऊ शकते. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला आणि 2013-14 पासूनच्या आधारभूत किंमत योजनेत हिरड्याचा समावेश झाला. किती फळे झाडावर ठेवायची, हे मात्र ज्याच्या घरी आज पैसा हवा आहे त्यालाच ठरवावे लागते. त्याला उपदेश करण्याचा अधिकार आम्हाला नाही. मुलांनी घरच्यांना हे विचारून लिहून आणले, तर तो प्रकल्प आम्ही आनंदाने वाचू.

त्यासाठी तक्त्यात दोन रकाने वाढवावेत : ‘कधी आणि कसे काढतात’, ‘काढल्यावर झाडाचे काय होते’. जोडीला एक सोपा प्रयोग. हिरडपूड, बाभळीची पडलेली साल आणि चहापत्ती यांचे वेगवेगळे काढे करावेत, गार झाल्यावर प्रत्येकात चिमूटभर हिराकस टाकावे. हिराकस नसेल तर गंजका खिळा रात्रभर बुडवून ठेवावा. काढे काळे-निळे पडतात. पूर्वी शाई अशीच करत. कोणता काढा किती काळा झाला, हे मुलांनी त्याच शाईने वहीत लिहावे.