नावड प्रकाराची, आवड एका पुस्तकाची

आजचा विषय ऐकून काही भुवया वर गेल्या, त्या आम्हाला इथून दिसल्या. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाने सोळा वर्षांच्या अमेरिकन मुलीच्या प्रेमकथेवर बोलायचं, म्हणजे जरा अतिच झालं! तर आधीच सांगून टाकतो, आम्हाला प्रेमकादंबऱ्या आवडत नाहीत आणि हे भाषण संपेल तेव्हाही आवडत नसतील. शेवट पहिल्या पानावर ठाऊक असतो. नजरेला नजर भिडली की प्रेम झालं, आणि मग तीनशे पानं फक्त अडथळे. आमच्या पिढीने हे फडक्यांपासून पाहिलेलं आहे. (ना. सी. फडकेही तत्त्वज्ञानच शिकवीत, हे इथे कुजबुजून सांगतो.)

तरीही जेनी हान यांची ‘टू ऑल द बॉइज आय हॅव लव्हड बिफोर’ ही 2014 ची कादंबरी आम्ही आनंदाने वाचली. यात विसंगती आहे का? कांटचं 1790 चं ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’ इथे उपयोगी पडतं. समोरचं हे गुलाबाचं फूल सुंदर आहे, हा कांटच्या मते अभिरुचीचा निर्णय. गुलाबाची फुलं सुंदर असतात, हे मात्र अनेक निर्णय गोळा करून केलेलं सर्वसाधारण विधान. आता आमचंच बघा. ‘प्रेमकादंबऱ्या आवडत नाहीत’ हे दुसऱ्या जातीचं विधान आहे. ते अनुभवातून आलेलं आहे, खरंही आहे, पण हातातल्या पुस्तकाबद्दल ते काहीच सांगत नाही. तिथे पुन्हा पहिल्यापासून वाचावंच लागतं. आपल्याकडे समीक्षक पुष्कळदा पुस्तकाचं कपाट पाहून निकाल देतात, म्हणून हे जरा ठासून सांगतो.

आता कथा. लारा जीन व्हर्जिनियात राहते. आई कोरियन वंशाची होती, ती वारली आहे. वडील प्रसूतितज्ज्ञ. तीन बहिणी, त्यातली ही मधली. कोणावर जीव जडला आणि त्यातून सुटायचं असलं, की ही मुलगी त्या मुलाला पत्र लिहिते, पाकिटावर पत्ताही घालते, आणि आईने दिलेल्या टोपीच्या डब्यात ठेवून देते. अशी पाच पत्रं. एके दिवशी ती सगळी पोस्टात पडतात. कोणी टाकली ते आम्ही सांगणार नाही, वाचा.

ही पत्रं प्रेमपत्रं नव्हेतच, निरोप आहेत! समोरच्याला न विचारता स्वतःच मांडलेला आणि स्वतःच मिटवलेला हिशेब. ज्याच्यावर प्रेम केलं त्याला त्यात बोलायची सोयच नाही. पत्रं पोचतात तेव्हा पहिल्यांदा समोरचा माणूस तोंड उघडतो. इथे आम्ही सावरून बसलो.

त्यातलं एक पत्र शेजारच्या जॉशला जातं. जॉश म्हणजे थोरल्या मार्गोचा मित्र. ती स्कॉटलंडला शिकायला जाताना त्याच्याशी संबंध तोडून गेलेली. ही लाज झाकायला लारा जीन पीटर या दुसऱ्या मुलाशी खोट्या प्रेमाचा करार करते. त्यालाही आपल्या जुन्या मैत्रिणीला जळवायचंच असतं. करारात एक कलम असं, की पीटरने रोज एक चिठ्ठी द्यायची. मग चिठ्ठ्या येतात, तो गाडीतून न्यायला येतो, धाकट्या किटीशी त्याची गट्टी जमते. प्रेमाची सगळी वागणूक आधी, भावना मागून. न्याय्य कृत्यं करत करतच माणूस न्यायी होतो, हे ॲरिस्टॉटलचं म्हणणं आम्ही वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं. ते शाळकरी पोरांच्या लटक्या करारात असं सहज चालताना दिसेल, ही अपेक्षा नव्हती. आम्हाला खटकणारी प्रेमकथा नेमकं उलटं चालते. तिथे भावना आभाळातून पडते आणि वागणुकीला काही किंमतच नसते.

आणि खरी धास्ती पीटर मिळेल की नाही याची नाहीच. धास्ती मार्गोची. नाताळात ती घरी येते आणि धाकटीचं आणि जॉशचं काय झालं ते तिला कळतं. आईमागे जिने घर सांभाळलं, तिलाच आपण फसवलं, हे लारा जीनला समजतं, तिथे पुस्तकाचा गोडपणा थांबतो. प्रियकर काय, दुसरा भेटेल. बहीण कुठून आणणार?

एक उणीव मात्र झाकणार नाही. शाळेच्या सहलीनंतर लारा जीनबद्दल घाणेरडी अफवा पसरते आणि पीटर ती वेळेवर खोडून काढत नाही. हा खरा नैतिक प्रश्न. मुलाचं यात काहीच जात नाही, मुलीचं नाव जातं. लेखिकेला हे कळलेलं आहे, तिने तो प्रसंग मांडलाही आहे, पण पीटरला फार स्वस्तात सोडलं. तो गोड दिसावा ही या प्रकाराची गरज, आणि तिथे प्रकार पुस्तकावर कुरघोडी करतो.

शेवटाबद्दल थोडं. 2018 च्या चित्रपटात दोघांना मैदानावर भेटवून चुंबनाने गोष्ट पुरी केली आहे. कादंबरी तसं करत नाही. लारा जीन पीटरला पत्र लिहायला बसते, तिथे ती थांबते. पुढे काय ते वाचणाऱ्याला माहीत नाही, तिलाही नाही. हे सहावं पत्र आधीच्या पाचांसारखं सुटका करून घेण्यासाठी नाही. याला उत्तर हवं आहे. पुढचे दोन भाग 2015 आणि 2017 मध्ये आले. ते वाचायची आम्हाला अजून घाई झालेली नाही.